माळेतला एक दिवा बदलताना

दिल्लीच्या करोल बागेत सांगली-साताऱ्याकडून आलेल्या गलाईवाल्यांची घरं आहेत. बीडनपुरा, रैगरपुऱ्याच्या गल्ल्यांत सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम करणारी ही मंडळी गणपती बसवतात, नवरात्र करतात आणि त्याआधी दर वर्षी लायटिंगच्या माळांचं खोकं खाली काढतात. त्यातल्या काही माळा लागतच नाहीत. काही अर्ध्याच लागतात. बाजारात गेलं तर नवी माळ हवी तेवढी मिळते, पण ‘यातला एवढा एक बल्ब द्या’ म्हटलं की दुकानदार माळ हातातसुद्धा घेत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत विचारलं, तरी उत्तर फारसं वेगळं मिळत नाही.

एका दिव्यासाठी अख्खी माळ टाकावी लागते का? योग्य बदली दिवा ओळखायचा कसा, मिळतो कुठे, आणि कोणत्या माळेच्या मागे लागण्यात अर्थ नाही? माळांचे प्रकार इतके झालेत की या प्रश्नांना सरसकट उत्तर नाही. म्हणून एकेक प्रकार घेऊन पाहू.

आधी जोडणी, मग दिवा

बहुतेक जण जुन्या बल्बसारखा दिसणारा बल्ब शोधतात. रंग तोच, आकार तोच, म्हणजे बल्ब तोच, अशी समजूत असते. पण माळेत दिवा चालणार की नाही हे त्याच्या दिसण्यापेक्षा माळेच्या जोडणीवर ठरतं. शाळेत शिकलेल्या दोनच जोडण्या इथे कामाला येतात. एकसर जोडणीत करंट एका दिव्यातून पुढच्या दिव्यात जातो आणि घरातले २३० व्होल्ट सगळ्या दिव्यांत वाटले जातात. समांतर जोडणीत प्रत्येक दिव्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि एक गेला तरी बाकीचे जळत राहतात. इलेक्ट्रिशियन यांनाच ‘सिरीज’ आणि ‘पॅरलल’ म्हणतात.

ओळखायचं कसं? एक दिवा काढल्यावर सगळी माळ, किंवा तिचा ठरावीक भाग विझला तर ती एकसर. काही फरक पडला नाही तर समांतर. अनेक लांब माळांत दोन्ही असतात: पन्नास-पन्नास दिव्यांच्या दोन एकसर साखळ्या एकमेकींना समांतर जोडलेल्या. अर्धी माळ लागते आणि अर्धी लागत नाही, याचं कारण बहुधा हेच. बिघाड न लागणाऱ्या अर्ध्यातच शोधायचा.

तापणाऱ्या तारेचे बारीक बल्ब

विजेच्या दिव्यांनी झाड सजवण्याची सुरुवात एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी केली. त्याने लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे नाताळच्या झाडावर लावले होते. पुढे अमेरिकेत आठ दिव्यांच्या एकसर माळा सर्रास झाल्या. तिथे घरगुती पुरवठा १२० व्होल्टचा, त्यामुळे दर दिव्याला १५ व्होल्ट येत. आपल्याकडच्या तांदळाएवढ्या बल्बच्या माळेचं गणितही हेच. चाळीस दिव्यांची साखळी असेल तर २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा व्होल्ट. म्हणून तिथे ६ व्होल्टचा बल्ब लागतो. बल्बवर काही छापलेलं नसलं तरी एका साखळीतले दिवे मोजून भागाकार केला की व्होल्टेज हाती येतं. बदली दिवा शोधताना सगळ्यात भरवशाची खूण हीच.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेली माळ इथे का जळून जाते, तेही यावरून कळतं. तिथल्या पन्नास दिव्यांच्या साखळीत प्रत्येक बल्ब अडीच व्होल्टचा असतो, पस्तीसच्या साखळीत साडेतीनचा. ती माळ २३० व्होल्टवर लावली की प्रत्येक बल्बवर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज येतं. तसंच तिथला अडीच व्होल्टचा सुटा बल्ब आपल्या सहा व्होल्टच्या माळेत बसवणंही व्यर्थ. तो होल्डरमध्ये बसला, तरी नीट चालेल याची खात्री नाही.

एक बल्ब गेला तरी माळ चालू राहावी म्हणून चांगल्या बल्बमध्ये एक सोय असते. फिलामेंटच्या खाली दोन तारांना बारीक तारेचे वेढे दिलेले असतात आणि त्या तारेवर विजेला अडवणारा ऑक्साइडचा पातळ थर असतो. फिलामेंट तुटलं की साखळीचं पूर्ण व्होल्टेज त्या एका बल्बवर येतं, थर फुटतो आणि करंटला वाट मिळते. बल्ब विझतो, माळ चालते. मात्र बल्ब होल्डरमध्ये सैल असेल किंवा गळून पडला असेल, तर ही सोय उपयोगाची नाही. म्हणून पूर्ण माळ बंद असेल तर आधी प्रत्येक बल्ब नीट दाबून पाहावा. अनेक माळा तेवढ्यानेच लागतात.

या सोयीची एक किंमत आहे. गेलेल्या बल्बच्या वाटचं व्होल्टेज उरलेल्यांना सोसावं लागतं. चाळीसातले चार गेले की उरलेल्या छत्तीसांवर पावणेसहाऐवजी जवळजवळ ६.४ व्होल्ट येतात, म्हणजे दहा टक्क्यांहून थोडे जास्त. तापणाऱ्या तारेच्या दिव्याचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण एक तृतीयांशावर येतं. मग पाचवा जातो, सहावा जातो, आणि एका संध्याकाळी सगळी माळ संपते. त्यामुळे ‘एकच तर गेलाय’ म्हणून तसंच चालवणं महागात पडतं. पहिला गेला की तेव्हाच बदलावा.

दोन प्रकारचे बल्ब दिसायला जवळजवळ इतरांसारखेच असतात, पण वेगळे असतात. टोकाला लाल ठिपका असलेला बल्ब बहुधा उघडझाप करणारा असतो. त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते, करंट तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. तो साध्या बल्बच्या जागी लावला तर सगळी साखळी उघडझाप करू लागते. काही ब्रिटिश पद्धतीच्या माळांत पांढऱ्या टोकाचा फ्यूज बल्ब असतो. अनेक दिवे गेल्यावर उरलेल्यांवर ताण वाढला की तो आधी जळून माळ बंद पाडतो. त्याच्या जागी साधा बल्ब लावला तर माळ लागते, पण तिचं संरक्षण गेलेलं असतं.

आता बसवण्याचा प्रश्न. बारीक बल्बच्या खालचं प्लॅस्टिकचं बूड प्रत्येक कारखान्याचं वेगळं. कुणाला खाच, कुणाला कान. मिळालेला बल्ब होल्डरमध्ये जात नाही म्हणून लोक तो नादुरुस्त ठरवतात. खरं तर काचेचा बल्ब बुडातून ओढून काढता येतो. खाली दुमडलेल्या दोन तारा सरळ करायच्या, जुन्या माळेचं बूड घ्यायचं, त्याच्या दोन भोकांतून तारा ओवायच्या आणि दोन बाजूंना वर दुमडायच्या. व्होल्टेज जुळलं असेल तर बूड जुळवणं दोन मिनिटांचं काम आहे. स्वस्त माळांत होल्डरच नसतो, बल्बच्या तारा थेट वायरला जोडून वर नळी चढवलेली असते. तिथे जुनी जोडणी कापून, नवी डाग देऊन, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी लागते. नुसती चिकटपट्टी तिथे पुरत नाही.

एलईडी: रंगाप्रमाणे व्होल्ट

आज बाजारात मिळणाऱ्या माळा बहुतेक एलईडीच्या. १९६२ साली निक होलोन्याकने डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. पण निळा एलईडी नव्वदच्या दशकात व्यवहारात आला आणि त्यातून पांढरा, तेव्हाच सजावटीचा बाजार बदलला. त्या निळ्या दिव्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या माळेशी या इतिहासाचा थेट संबंध आहे, कारण वेगवेगळ्या रंगांचे एलईडी वेगवेगळ्या पदार्थांचे असतात आणि त्यांचं व्होल्टेजही वेगळं असतं. लाल आणि पिवळा साधारण २ व्होल्ट घेतात. हिरवा, निळा आणि पांढरा साधारण ३.

लांब एकसर माळेत एका लालच्या जागी पांढरा लावला तर एका व्होल्टचा फरक पडतो आणि तो खपून जातो. बॅटरीवरच्या समांतर माळेत मात्र पांढऱ्यांच्या रांगेत लाल बसवला, तर तो कमी व्होल्टवर चालत असल्यामुळे बहुतेक करंट स्वतःकडे ओढतो आणि शेजारचे मंदावतात. म्हणून समांतर एलईडी माळेत रंग बदलायचा नाही. आपोआप रंग बदलणारा एलईडी साध्याच्या जागी लावू नये, कारण त्याच्या आत चिप असते आणि एकसर साखळीत तो सगळ्यांना आपल्या तालावर लुकलुकायला लावतो.

दुसरी अट दिशेची. बल्ब कसाही लावला तरी लागतो, एलईडी उलटा लावला तर लागत नाही. उलट्या दिशेने जास्त व्होल्टेज आलं तर तो कायमचा जातोही. नव्या एलईडीचा लांब पाय अधिक, आखूड पाय उणे. पाय कापलेले असतील तर घेराची एक कड सपाट असते, ती उण्याची बाजू. जुना काढण्याआधी ती सपाट कड कोणत्या वायरकडे होती ते पाहून ठेवावं. मोबाइलने फोटो काढला तर उत्तम.

एलईडी माळेत बिघाड नेहमी एलईडीतच असतो असं नाही. आठ प्रकारे नाचणाऱ्या माळेच्या डबीत प्रत्येक साखळीला वेगळा स्विच असतो. एकाच रंगाचे सगळे दिवे किंवा दर दुसरा दिवा एकदम बंद असेल, तर एक साखळी तुटली आहे किंवा डबीतला तिचा स्विच गेला आहे. सगळीच माळ बंद असेल तर डबीतली बारीक वायर सुटलेली असणं जास्त संभवतं. बॅटरीच्या माळेत आधी सेलची पत्री पाहावी. सेल आत ठेवूनच माळ वर्षभर ठेवली की तिथे पांढरी-हिरवी बुरशी धरते, आणि लोक दोष दिव्याला देतात.

रंगाच्या छटेचंही भान ठेवावं. पांढरा म्हणून जे मिळतं त्यात २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर ‘वॉर्म व्हाइट’ असतो आणि ६५०० च्या आसपासचा निळसर ‘कूल व्हाइट’. वॉर्म माळेत एक कूल दिवा लावला तर चालतो, पण दुरूनही खटकतो.

सर्वांत सोपी: बेल्ट माळ

मंडपवाल्यांकडे, हॉटेलांत आणि लग्नाच्या सभागृहांत दिसते ती जाड वायरची, होल्डर असलेली बेल्ट माळ. इथे प्रत्येक दिवा समांतर आणि पूर्ण २३० व्होल्टवर चालतो, त्यामुळे बदली दिवा कोणत्याही विजेच्या दुकानात मिळतो. पाहायचं ते फक्त बूड आणि वॉट. बी२२ म्हणजे आपला नेहमीचा पिनचा होल्डर. ई२७ आणि ई१४ म्हणजे आटे असलेले, त्यातला आकडा बुडाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा. अमेरिकी माळांवर सी७, सी९ असं लिहिलेलं असतं. तो आकडा मात्र काचेच्या फुगीर भागाचा, इंचाच्या आठव्या भागात मोजलेला, आणि बुडं आपल्याकडच्या मापांची नसतात.

वॉटची गोष्ट जास्त महत्त्वाची. जुन्या ‘झिरो’च्या बल्बचं नाव शून्य असलं तरी तो १५ वॉटच्या आसपास घेई. असे शंभर म्हणजे १५०० वॉट, साडेसहा अँपियर. आज अर्ध्या वॉटचे शंभर एलईडी मिळून ५० वॉटच होतात. त्यामुळे एलईडीसाठी बनवलेल्या बेल्टची वायर बारीक असते. अशा बेल्टमध्ये घरात पडलेले जुने बल्ब बसवले तर ते लखलखतात आणि वायर तापते. उलट दिशेने, जुन्या जाड बेल्टमध्ये एलईडी लावायला काही अडचण नाही.

ज्यांचा दिवा बदलता येत नाही

तांब्याच्या बारीक तारेवरचे थेंबाएवढे दिवे फार गोजिरे दिसतात, पण तिथे दिवा तारेलाच डाग देऊन वर राळेचा थेंब टाकलेला असतो. ते समांतर असल्यामुळे एखादा गेला तरी माळ चालते. गेलेला बदलण्याच्या फंदात पडू नये. पाइप लाइट आणि पट्टी लाइटमध्ये एक दिवा बदलत नाहीत, एक तुकडा बदलतात. १२ व्होल्टच्या पट्टीवर बहुधा दर तीन एलईडींनंतर कात्रीची खूण असते, २३० व्होल्टच्या पाइपला ती दर मीटरला किंवा अर्ध्या मीटरला असते. खुणेवर कापायचं, तेवढाच तुकडा जोडायचा.

पिक्सेल माळा गेल्या काही वर्षांत गणेश मंडळांच्या आवडीच्या झाल्या आहेत. त्यातल्या प्रत्येक दिव्यात चिप असते, आणि ती संदेश घेऊन पुढच्या दिव्याला देते. एक दिवा बिघडला की त्याच्या पुढचे सगळे विझतात किंवा भलतेच रंग दाखवतात. दोषी दिवा म्हणजे शेवटचा चांगला किंवा पहिला बिघडलेला, दोन्हींपैकी एक. बदलताना चिप तीच हवी (उदाहरणार्थ डब्ल्यूएस२८११), व्होल्टेज तेच हवं, म्हणजे ५ किंवा १२, आणि रंगांचा क्रमही तोच हवा, नाहीतर लालच्या जागी हिरवा उमटतो. दिव्यावरच्या बाणाची दिशा पाळायची. एवढं जमलं तर ही माळ दुरुस्तीला सगळ्यांत योग्य, कारण ती महाग असते आणि सुटे दिवे मिळतात.

गेलेला दिवा शोधायचा कसा

माळेचा प्लग काढलेला असताना मल्टीमीटरने शोधणं सुरक्षित. एकसर साखळीच्या मधोमध एक बल्ब काढून, दोन्ही बाजूंपैकी कुठली तुटली आहे ते पाहायचं, मग त्या अर्ध्याचं अर्धं. चाळीस बल्बच्या माळेत फार तर सहा वेळा मोजून दोषी सापडतो. मल्टीमीटर नसेल तर चालू असलेला खात्रीचा बल्ब घेऊन एकेक जागी लावून पाहायचा, प्रत्येक वेळी प्लग काढून. सुटा एलईडी तपासायला तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल पुरतो: लांब पाय अधिकला, आखूड उण्याला. लाल ठळक लागतो, पांढरा मंद लागला तरी तो चांगला.

दिल्लीत काय, कुठे

करोल बागेची मुख्य बाजारपेठ सोमवारी बंद असते. अजमल खान रोडच्या आसपास सणाच्या दिवसांत तयार माळा मिळतात, सुटा माल कमी. दुरुस्तीचा हात हवा असेल तर गफ्फार मार्केट उपयोगी. तिथल्या मोबाइल दुरुस्तीच्या टेबलांवर डाग देणारे सराईत हात आहेत. त्यांना माळेतला एलईडी म्हणजे किरकोळ काम, फक्त बदली दिवा आपण घेऊन जावा.

दिवा मिळण्याची खरी जागा चांदनी चौकात. करोल बागेहून ब्लू लाइनने राजीव चौक, तिथून यलो लाइनने चांदनी चौक. एके काळी बेगम समरूची हवेली असलेला भगीरथ पॅलेस आज विजेच्या मालाच्या देशातल्या मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक आहे. बेल्ट, झालर, पाइप, पिक्सेल, सगळं तिथे. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये सुटे एलईडी, रेझिस्टर, डब्या, जोडण्या मिळतात. दोन्हीकडे रविवारी जाऊ नये. जाताना गेलेला दिवा, एक चालू दिवा, बूड आणि साखळीतल्या दिव्यांची संख्या लिहिलेला कागद बरोबर असावा. ‘लडी का बल्ब’ एवढंच म्हटलं तर नकार येतो. ‘छह व्होल्ट, पुश वाला’ किंवा ‘पाँच एमएम, वॉर्म व्हाइट’ म्हटलं तर दुकानदार डबा काढतो.

तरीही सुटे बल्ब कमी मिळतात, याचं कारण अर्थशास्त्रात आहे. माळ इतकी स्वस्त असते की तिच्या दुरुस्तीची मजुरी परवडत नाही, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मालाचं बूड वेगळं असतं. टाकलेल्या माळांना मात्र बाजार आहे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या शिज्याओ गावात अमेरिकेतल्या टाकाऊ नाताळच्या माळा कंटेनरांनी येत आणि त्यांतून तांबं वेगळं केलं जाई, हे पत्रकार ॲडम मिंटर यांनी २०११ साली लिहिलं. वायरवरचं प्लॅस्टिक चपलांचे तळ बनवणाऱ्यांकडे जाई.

जिथे काटकसर नको

बाहेर, पावसात किंवा बाल्कनीत लावायच्या माळेत होल्डरला रबरी वेढा असतो. बदली दिव्यावर तो बसला नाही तर ती माळ घरातच लावावी. उंदराने कुरतडलेली, टणक होऊन तडकलेली वायर असेल तर दिव्याचा शोध तिथेच थांबवावा. डबीतला फ्यूज जास्त अँपियरचा लावून माळ चालू करणं म्हणजे दोष झाकणं. नवी माळ घेताना खोक्यावर आर अक्षराने सुरू होणारा भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहावा. सक्तीच्या नोंदणीच्या यादीत दिव्यांच्या माळाही आहेत.

निवाडा

बेल्ट माळ नेहमी दुरुस्त करावी. पिक्सेल माळ दुरुस्त करावी, चिप आणि व्होल्टेज जुळत असेल तर. होल्डर असलेली बारीक बल्बची माळ वायर चांगली असेपर्यंत चालवावी. एलईडी माळ डाग देणारा हात जवळ असेल तरच. तांब्याच्या तारेची माळ सोडून द्यावी.

दुरुस्ती होणार की नाही याचा निर्णय खरं तर खरेदीच्या दिवशीच होतो. यंदा माळ घेताना दिवा होल्डरमधून निघतो का, आणि खोक्यात जादा दिवे आहेत का, एवढं दुकानात विचारा. शक्य तर एकाच जातीच्या दोन माळा घ्या. एक कायमची बंद पडली की तिचे चांगले दिवे दुसरीला वर्षानुवर्षं पुरतात. आणि गौरी-गणपती, दिवाळी झाल्यावर माळ गुंडाळताना खोक्यावर साखळीतल्या दिव्यांची संख्या आणि व्होल्ट लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या भाद्रपदात दुकानदाराला नेमकं काय मागायचं ते कळेल.